लागलं का?

मराठी माणूस इतिहासाचा वेडा आहे, असं म्हणतात. असेलही. पण त्याचं हे वेड गडाच्या पायथ्याशी सुरू होतं आणि बुरुजापाशी संपतं. कुठल्या लढाईत किती घोडे पडले हे सांगणारे शेकड्याने भेटतील. पण गेली सत्तर-ऐंशी वर्षं घराघरांतून रोज विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाची नोंद एकाही इतिहासकाराने घेतलेली नाही. तो प्रश्न म्हणजे, "लागलं का?"

आधी तो रेडिओच्या स्टेशनबद्दल विचारला गेला, मग टीव्हीच्या चित्राबद्दल, मग मोबाइलच्या रेंजबद्दल आणि हल्ली वायफायबद्दल. यंत्रं बदलली, क्रियापद तेच राहिलं. आपल्या भाषेत ठेच लागते, नजर लागते, वेड लागतं आणि स्टेशनही लागतं. रेडिओ लावणारा माणूस असतो, पण स्टेशन मात्र आपलं आपण लागतं. नाही लागलं तर कोणाची चूक काढायची सोय नाही. भाषा घडवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी राउटर पाहिलेला नसला तरी त्याचा स्वभाव त्यांनी बरोबर ओळखला होता.

मला ठाऊक असलेला हा इतिहास लिंबागणेशचा आहे. बीड तालुक्यात, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटच्या डोंगररांगांत हे गाव बसलेलं आहे. गावाच्या नावातच गणपती असल्यामुळे कुठल्याही नव्या यंत्राला नारळ फोडायला लांब जावं लागत नाही. नारळ फुटतो वेळेवर. यंत्र मात्र उशिरा येतं.

उशिरा येण्याचीही एक परंपरा आहे. मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. आमच्या वाट्याला आला तो १९३५ पासून निजाम सरकारच्या ताब्यात असलेला डेक्कन रेडिओ. तो बोलायचा मुख्यतः उर्दूत, आणि ऐकायला यंत्र असायचं ते एखाद्या जहागीरदाराकडे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी, १७ तारखेला, खुद्द निजाम मीर उस्मान अली खान रेडिओवर बोलले. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणना होणारा हा गृहस्थ, पण ध्वनिक्षेपकापुढे बसण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती असं म्हणतात. घरात पहिल्यांदा व्हिडिओ कॉल लावताना तुमचे हात थरथरले असतील तर संकोच करू नका. तिथे तर राज्य चाललं होतं.

त्यानंतर १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने खेड्यांसाठी रेडिओ श्रोतृमंडळांचा एक मोठा प्रयोग झाला. पुणे केंद्रावरून शेतीवरचे खास कार्यक्रम लागायचे आणि गावातली मंडळी सेटभोवती बसून ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची. दीडशे गावं निवडली होती. नगर जिल्ह्याचा त्यात समावेश होता. आमचं गाव नगरच्या वाटेवर असलं तरी बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात असल्यामुळे प्रयोग आमच्या वेशीबाहेर थांबला. पुढे १९७५-७६ साली उपग्रहावरून २४०० खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा जगप्रसिद्ध प्रयोग झाला. सहा राज्यांत झाला, कर्नाटकात तो आमच्या जुन्या निजामी शेजाऱ्याकडे, गुलबर्ग्याला आला. महाराष्ट्र त्या यादीतच नव्हता. रेडिओच्या लाटेला जिल्ह्याची हद्द कळत नाही असं शास्त्र सांगतं. पण ती लाट ज्या फायलीतून निघते त्या फायलीला ती चांगली कळते.

आमच्या घरी रेडिओ आला तो १९६२ साली, चीनच्या युद्धाच्या बातम्या ऐकण्यासाठी. तो आला आणि पहिला प्रश्न उभा राहिला : ठेवायचा कुठे?

इथे आमच्या घराची रचना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं महाभारत त्या रचनेवर आहे. घर माळवदाचं. दगडमातीच्या भिंती, दोन-अडीच हात जाड. वर लाकडाच्या तुळया, त्यावर किलचण आणि पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत आलं की माठात शिरल्यासारखं वाटतं. दर्शनी भागात ढाळज. तिथे पुरुषमंडळी बसणार, सुपारी कातरणार, जगाचं भलंबुरं ठरवणार. मग चौक, चौकात तुळस, त्यापलीकडे माजघर आणि सगळ्यात आत स्वयंपाकघर. जसजसं आत जावं तसतसा उजेड कमी आणि काम जास्त.

रेडिओ अर्थातच ढाळजेत बसला. त्याला आजीने भरतकामाचा रुमाल शिवून दिला. माळवदावर दोन कळकांच्या मध्ये तांब्याची तार ताणली आणि तिचं एक टोक भिंतीला भोक पाडून आत घेतलं. दुसरी तार जमिनीत पुरायची होती. दुकानदाराने बजावलं होतं की ही 'अर्थ'ची तार जिथे पुराल ती जागा सतत ओली राहिली पाहिजे, नाहीतर खरखर होईल. सतत ओली अशी घरात एकच जागा होती. तार तुळशीच्या मुळाशी पुरली गेली.

त्यामुळे आमच्या घरात असं व्हायचं की सकाळी आजीने तुळशीला तांब्याभर पाणी घातलं की आजोबांच्या बातम्या स्वच्छ यायच्या. आजोबा ते श्रेय रेडिओच्या कंपनीला देत. खरं म्हणजे ओल्या मातीतून वीज चांगली वाहते, एवढीच त्यातली विद्या. आजीला बिचारीला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती ढाळजेत कधी बसली नाही. तशी रीतच नव्हती. कीर्तन लागलं की ती माजघराच्या भिंतीला टेकून, तांदूळ निवडत, भिंतीतून झिरपेल तेवढं ऐकायची. अडीच हात जाड भिंतीतून कीर्तनातला अभंग झिरपतो, निरूपण झिरपत नाही. निरूपण काय केलं हे ती आजोबांना जेवायला वाढताना विचारायची, आणि आजोबा, "नेहमीचंच," असं म्हणून आमटी ओरपायचे.

दुसरा प्रश्न होता लायसन्सचा. आजच्या पिढीला हे खरं वाटणार नाही, पण रेडिओ बाळगायला परवाना लागत असे. १९३३ साली इंग्रजांनी एक कायदा केला. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'बिनतारी तारायंत्र कायदा'. ज्याला तार नाही त्याला तारायंत्र म्हणायचं धाडस सरकारच करू जाणे. त्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ ठेवणं हाही गुन्हा होता. पोस्टातून एक पुस्तक मिळायचं, दरसाल १५ रुपये भरायचे आणि त्यात तिकिटं चिकटवून घ्यायची. लायसन्स तपासायला कोणी येणार अशी आवई उठली की गावातले अर्धे रेडिओ कणगीत जाऊन बसत. नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, तेव्हा विशीत होते. दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकण्यासाठी त्यांनी हे पुस्तक देवाच्या पोथीसारखं जपलं. सिलोनवर, कारण आपल्या आकाशवाणीला सिनेमाची गाणी पूर्वी सोसत नव्हती. त्या खात्याचे मंत्री डॉ. केसकर मराठी आणि शास्त्रीय संगीताचे भोक्ते. त्यांच्या आग्रहाने गाणी बंद पडली आणि सगळा देश कान लावून श्रीलंकेत गेला. १९५७ साली विविध भारती काढून ते कान परत आणावे लागले. नानांचे मात्र परत आले नाहीत.

ऐकण्याला एवढा बंदोबस्त, तर घरातून लाट सोडण्याला केवढा असेल! १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत चोरून 'काँग्रेस रेडिओ' चालवला. चौपाटीवरच्या एका इमारतीतून सुरुवात झाली, मग पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून यंत्र या घरातून त्या घरात हलवत राहिले. ४२.३४ मीटरवर तो लागायचा. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी तो पकडला आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. घरगुती बिनतारी जाळ्याचा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा निघाला तो असा, आणि त्याचं उत्तर येरवड्याला मिळालं. आज माझ्या पुतण्याच्या घरात हिरवे दिवे लुकलुकवत बसलेली डबी तेच करते. राउटर हा नुसता ऐकत नाही, तो प्रक्षेपणही करतो. आकाराने डबी असली तरी कायद्याच्या दृष्टीने ते एक चिमुकलं केंद्रच आहे.

मधल्या काळात ट्रान्झिस्टर आले, १९६८ साली परभणीला आकाशवाणी केंद्र झालं, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रेडिओचं घरगुती लायसन्सही गेलं. ह्या काळावर रेंगाळण्यात अर्थ नाही, कारण ट्रान्झिस्टरने प्रश्नच ठेवला नाही. तो हातात धरून शेतात नेता येई. प्रश्न नसला की इतिहासही पुढे सरकत नाही.

तो पुन्हा सुरू झाला टीव्हीने. जानेवारी १९८७ मध्ये रामायण सुरू झालं आणि ज्याच्या माळवदावर अँटेना त्याच्या घरात अर्धं गाव. अँटेना म्हणजे आडव्या दांड्यांची ती शिडी. १९२६ साली जपानात उदा आणि यागी या दोघांनी शोधून काढली, आणि नाव झालं एकट्या यागीचं. तिचा नियम एकच : तोंड प्रक्षेपकाकडे हवं. त्यासाठी एक पोरगा माळवदावर, एक चौकात आणि नाना टीव्हीसमोर.

"लागलं का?"

"मुंग्या!"

"मुंग्या म्हणतायत!"

"जरा नगरकडं फिरव!"

"आता?"

"आरं, राम दिसाय लागला! आता हात लावू नको!"

"खाली येऊ का?"

"गेला ना राम! तू तिथंच ऱ्हा!"

पोरगा अँटेनाला धरून उभा राहिला की चित्र स्वच्छ का यायचं? कारण माणसाचं शरीरही लाटेला आडवं जातं, वळवतं, कधी मदतही करतं. त्या पोराने भर उन्हात उभं राहून सीतास्वयंवर पार पाडलं, पण स्वतः पाहिलं नाही. शिवाय रोज कोणीतरी वर नाचत असल्यामुळे त्या पावसाळ्यात माळवद गळायला लागलं ते वेगळंच.

पुढे छत्री आली, डबे आले, २०१६ साली फोनवरचं इंटरनेट एकाएकी स्वस्त झालं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शाळा फोनमध्ये शिरली. माझ्या पुतण्याची मुलगी तेव्हा सहावीत होती. घरात रेंज नाही, म्हणून ती डोक्यावर टॉवेल घेऊन माळवदावर बसून गणित शिकली. ज्या ठिकाणी तिच्या काकाने राम धरून ठेवला होता, त्याच ठिकाणी ती लसावि-मसावि धरून बसली. त्यावर पुतण्याने ठरवलं की आता काही झालं तरी घरात फायबरची लाइन घ्यायची. घेतली.

लाइन जोडायला आलेला मुलगा रस्त्याच्या बाजूने आला, रस्त्याच्या बाजूला त्याची तार संपली, आणि त्याने डबी ढाळजेत, दाराच्या वर ठोकली. सही घेतली आणि गेला. एका मिनिटात १९६२ साल परत आलं.

मला बोलावणं आलं, कारण घराण्यात मला यंत्रातलं कळतं असा समज आहे. गेल्या गेल्या प्रश्नांचा पाऊस पडला.

नानांनी विचारलं, वायफाय म्हणजे पूर्ण काय? म्हटलं, काही नाही. १९९९ साली एका नाव शोधून देणाऱ्या कंपनीने ते कानाला गोड वाटावं म्हणून जुळवलं. नानांना ते पटलं नाही. पूर्ण रूप नसलेली गोष्ट सरकारमान्य कशी असेल? पुतण्याने फोनवरचा सिनेमा टीव्हीवर दाखवण्यासाठी बटण शोधलं, त्यावर 'कास्ट' असं लिहिलेलं. नाना चष्मा सावरत म्हणाले, "आता टीव्हीबी जात विचारतो का?" सूनबाईंनी विचारलं की पुण्याच्या बहिणीकडे मायक्रोवेव्ह चालू केला की वायफाय अडखळतं, ते खरं का? खरं आहे. दोघांची लाट जवळपास एकच. ती पट्टी मुळात तापवण्या-शिजवण्याच्या यंत्रांसाठी सोडलेली होती. तिथे दळणवळण कोणाला नको होतं. १९८५ साली अमेरिकेने ती विनापरवाना वापरायला मोकळी केली आणि गावकुसाबाहेरच्या त्या पडीक जमिनीवर वायफायने घर बांधलं.

आत्याने मात्र एकच प्रश्न विचारला. आत्या ऐंशीच्या पुढची. खुब्याचं हाड मोडल्यापासून माजघरातल्या खाटेवर असते. नातसुनेने तिला फोनवर कीर्तनं लावून दिली होती, ती दर दोन मिनिटांनी अडकत होती.

"बापू, कीर्तनकार मधीच तोंड उघडं ठिवून बसतोय. कामून?"

कारण सरळ आहे. रेडिओच्या मीडियम वेव्हची लाट दोनशे ते पाचशे मीटर लांब. तिला आमच्या घराची भिंत म्हणजे वाटेतला खडा. वायफायची लाट साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. त्याहून वेगवान अशी जी दुसरी असते ती चार बोटांची. इतक्या आखूड लाटेला अडीच हातांची ओलसर दगडमाती म्हणजे किल्ल्याची तटबंदी. पुण्यातल्या चार इंची विटांच्या फ्लॅटसाठी केलेली डबी माळवदाच्या घरात आणली की ती ढाळज आणि ओटा एवढ्यापुरतीच उरते. मध्ये लोखंडी कपाट आलं, मोठा आरसा आला, पाण्याची टाकी आली, तर आणखी हाल. म्हणून डबी घराच्या मध्यावर, उंच, उघड्यावर ठेवावी. कपाटात कोंडू नये आणि तिच्यावर रुमालही घालू नये.

"मध्यावर म्हंजी माजघरात?" नानांचा चेहरा उतरला. "बापू, ती पेटी ढाळजंतच ऱ्हाऊ दे. आल्या-गेल्याला दिसली पाहिजे."

"मला ती दिसायची गरज न्हाई," आत्या आतून म्हणाली. "मला तिच्यातलं ऐकू आलं पाहिजे. आई जन्मभर भिंतीआडून ऐकत गेली. मी बी तसंच ऐकू का?"

ढाळजेत एकदम शांतता पसरली. नानांनी सुपारी कातरायची थांबवली. ते काहीच बोलले नाहीत. उठले आणि काठी टेकत तुळशीपाशी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने तिथूनच पुतण्याला हाक मारली, "शिडी आण."

भिंतीवरून वायफाय फेकणारे पुनरावर्तक मिळतात, पण ज्या भिंतीतून मूळ लाटच येत नाही तिथे ती पुढे काय फेकणार? खात्रीचा उपाय एकच, ढाळजेतल्या डबीपासून माजघरापर्यंत तार न्यायची आणि आत दुसरी डबी बसवायची. बिनतारी घराला शेवटी तार लागते, हे ऐकून सगळे हसले. भिंत फोडायला मात्र कोणी तयार नव्हतं. जुनी भिंत, एक दगड निघाला की चार निघतात. तेव्हा नानांनी शिडीवर चढवलेल्या पुतण्याला ढाळजेच्या तुळईखाली एक जागा दाखवली. चुन्याचा पोपडा काढल्यावर तिथे अंगठ्याएवढं भोक निघालं. रेडिओची तार आत घेण्यासाठी १९६२ साली त्यांनीच पाडलेलं. तिथून निळी केबल माळवदावर गेली, आणि माळवदाला उजेडासाठी जो झरोका ठेवलेला असतो त्यातून थेट आत्याच्या खाटेवर उतरली. दुसरी डबी माजघराच्या देवळीत बसली.

"लागलं का?" नानांनी चौकातून विचारलं.

आतून उत्तर आलं नाही. आतून निरूपण आलं. पूर्ण, न अडकता. आत्याने आवाज इतका मोठा लावला होता की या वेळी ते भिंतीतून उलट्या दिशेने ढाळजेत झिरपलं.

मग नानांनी त्यांचा जुना प्रश्न काढलाच, "याचं लायसन काढलं का?" त्यांना सांगितलं की जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने नियम काढून २.४ गिगाहर्ट्झच्या या पट्टीला, कमी ताकदीच्या यंत्रांपुरतं, परवान्यातून मोकळं केलं. तोवर राउटरलाही तोच १९३३ चा कायदा लागू होता. म्हणजे आत्याचं कीर्तन आता पूर्ण कायदेशीर आहे. नानांनी खातरजमा म्हणून ते तारायंत्राचं जुनं पुस्तक पेटीतून काढून आणलं, तिकिटं मोजली आणि नव्या जमान्याचाही काही उपयोग व्हावा म्हणून वायफायचा पासवर्ड त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवला. अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही. त्यामुळे घरात कोणी पाहुणा आला, पोराचा मित्र आला, की त्याला पासवर्डसाठी माजघरात आत्याकडे पाठवतात. ती आधी विचारते, कुणाचा तू, जेवलास का, आणि मग सांगते.